शकू दरेकसाला उतरली

फोन रेखाचा होता. सकाळची वेळ, मी अंगणात सडा टाकत होते, हात शेणाचे, म्हणून उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पदराला हात पुसून चिडूनच घेतला. "काय आग लागली का वं?" पलीकडून रेखा म्हणाली, "मंदाबाई, शकूबाई नाई राहिल्या... रात्री डोकं दुखते म्हणे, गोंदियाले नेलं, दवाखान्यात पोचाच्या आधीच..." मी म्हटलं, खोटं बोलू नको. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, माझ्या दुकानात येऊन बसली होती, ब्लाउजच्या बाह्यांवरून माझ्याशी भांडली होती, आणि जाताना 'आयतवारी पॅसेंजर धरजो, मागच्या वेळेसारखी लटकत येऊ नोको' असं ओरडून गेली होती. ज्या बाईचा रविवार ठरलेला आहे ती मधेच कशी मरेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. माणूस अशा वेळी काय वाट्टेल ते धरून बसतं.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. मी लिहिणारी बाई नाही. आमगावात बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी रायपूरला दिलेली, घरी मला 'कुठं चालली' म्हणून विचारणारं कोणी नाही. शकूचं तसं नव्हतं. तिचं घर भरलेलं. नवरा धनराज, त्यांना मी भाऊजी म्हणते, ते राइस मिलमध्ये. त्यांचे मोठे भाऊ गावात मान असलेले, धानाची शेती बघणारे. आणि सगळ्यांच्या वर सासू, जिला आमची सगळी गल्ली माय म्हणते. वाईट कोणी नव्हतं त्या घरात, हे आधीच सांगून ठेवते. फक्त एक रीत होती, आणि ती आमच्या गल्लीत घरोघरी होती. बाईमाणूस घराबाहेर पडणार ते लग्नाला, मयतीला नाहीतर देवाला. देवाला जायचं म्हटलं की सासूसुद्धा उठून डबा बांधून देणार. देव नसला तर 'कायले?' आणि या 'कायले'पुढे भल्याभल्या बायांची तोंडं बंद होत.

शकूचं माहेर डोंगरगढकडचं. लग्न झाल्यापासून ती त्याच गाडीनं जायची आणि त्याच गाडीनं यायची. सालेकसा गेलं की दोन्ही बाजूंनी डोंगर येतात, दरेकसाचं लहानसं स्टेशन येतं, आणि पावसाळ्यात झाडांमधून पांढरी रेघ दिसते. तो हाजराफॉल. डब्यातले सगळे एका बाजूला गर्दी करतात, 'वो देखो, वो देखो' म्हणेपर्यंत गाडी पुढं जाते. शकूनं पोरगी असताना पाहिला, नवरी असताना पाहिला, मांडीवर मुलं घेऊन पाहिला, सगळा खिडकीतून. एकदा आम्ही दोघी डोंगरगढला देवीचं दर्शन घेऊन परत येत होतो. गाडी दरेकसाला थांबली आणि मालगाडी पुढं काढायची म्हणून थांबूनच राहिली. पाऊस नुकताच उघडला होता. शकू खिडकीला डोकं टेकवून बसली होती, अचानक उठली, पिशवी खांद्याला मारली आणि म्हणाली, "उतर वं."

"इथं? काऊन?"

"पानी पाहू."

"अवं येडी झाली का? घरी वाट पाहून राहिले असंल सारे."

"ते रोजच पाहाते," असं म्हणून ती उतरलीसुद्धा. आता तिला एकटीला सोडून मी जाणार होते थोडीच? शिव्या देत देत मागं उतरले. त्या वेळी आतासारखी गर्दी नव्हती. आता तिथं गेट आहे, चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत, रविवारी गोंदिया-बालाघाटच्या गाड्यांची रांग आणि सेल्फी काढणारी पोट्टी. त्या दिवशी चिखलाची वाट, साजाची झाडं आणि आमच्या दोघींच्या चपलांचा फचफच आवाज. मी सगळ्या वाटेभर बडबडत होते. मग वळणावर आधी आवाज आला, मग गार वारा, मग तुषार, आणि मग... मी गप्प झाले. मी गप्प झाले म्हणजे काय, हे आमगावात कोणालाही विचारा. शकू खडकावर बसली, चेहरा वर करून, केस सगळे भिजलेले. म्हणाली, "मंदा, इतके वर्सं मी याच्या समोरून जाऊन राहिली होती." एवढंच. मग आम्ही डब्यातल्या उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि पाण्यात पाय सोडून पोरींसारख्या हसत बसलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली. दारात माय, ओट्यावर मोठे भाऊजी, सगळे ताटकळलेले. माय म्हणाली, "काऊन वं, एवढा उशीर?" शकूच्या हातात डोंगरगढच्या प्रसादाची पिशवी होती. तिनं त्यातला खोबऱ्याचा तुकडा मायच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "दरेकसाले उतरलो होतो. तिथं धबधब्यापाशी देवी हाय ना..." मायनं खोबरं कपाळाला लावलं. "कोनती देवी?" शकूनं माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं. "पान्याची माय," शकू म्हणाली. झालं! राग गेला, उशीर गेला, मोठे भाऊजी 'जेवून घ्या' म्हणून आत गेले. बाहेर रस्त्यावर येऊन मी तिचा दंड धरला, म्हटलं, पाप लागंल तुले. ती म्हणाली, "पानी हाय ना खरं? मंग बस."

अशी आमची पाण्याची माय जन्माला आली, आणि तिनं काय धुमाकूळ घातला ते ऐकाच. मायचे गुडघे दुखायचे. तिनंच पुढच्या खेपेला शकूच्या हाती नारळ दिला, 'माह्या गुडघ्यासाठी फोड' म्हणाली. नारळ आम्ही फोडला आणि गुळासोबत खाऊन टाकला. इकडं माय त्याच दिवसांत मोहाचं तेल चोळून घेत होती, त्यामुळं म्हणा कशामुळं म्हणा, गुडघे हलके पडले. मग काय विचारता! गल्लीत बातमी फिरली. कोणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कोणाचा पोरगा भरतीत निघत नाही, सगळ्यांचे नारळ शकूकडं. आणि नारळासोबत बाया येऊ लागल्या. अंगणवाडीची रेखा आली. बांगड्यांचं दुकान चालवणारी शबाना आली, तिनं घरी काय सांगितलं होतं ते तिचं तिला ठाऊक. नारळ हातात असला की कोणत्याच घरातून कोणी अडवत नव्हतं. पावसाळाभर दरेकसा, हिवाळ्यात कचारगडची गुहा, आणि थंडी सरता सरता आमच्या गोंदियाकडचा प्रतापगड. तिथं वर महादेव आहे, गडाला दर्गा आहे, त्यामुळं शबानाला आणि आम्हाला दोघांनाही खरं बोलून जाता यायचं.

प्रतापगडावर शकूला पाहायला हवं होतं तुम्ही. साडीचा काष्टा मारायची, पायात पोराचे जुने पीटीचे बूट, आणि पुढं. आमच्यातली कोणी मधेच धोंड्यावर टेकली की तिचं सुरू व्हायचं. "बसू नोको! बसली का गुडघे जाम होते. उभ्यानं दम घे." मी एकदा भांडले तिच्याशी, म्हटलं, तू काय पोलीस भरतीची मास्तरीण आहेस का? तर म्हणते, "मंदे, आपन बसून बसूनच म्हाताऱ्या झालो." वर पोचलं की मात्र तीच सगळ्यात आधी आडवी व्हायची. खाली बांध्याबांध्यांत विभागलेली धानाची शेतं, मधेच पाण्यानं भरलेली एखादी बोडी चमकणारी, आणि पलीकडं नुसतं जंगल. ती पडल्या पडल्या आभाळाशी बोलल्यासारखी काहीतरी पुटपुटायची, काय ते आम्ही कधी विचारलं नाही. उतरून आल्यावर पायथ्याशी गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे जाड गाकर त्यावर भाजायचे, वांगं भाजून भरीत करायचं. राख झटकत, हात भाजत खाल्लेले ते गाकर... घरी तसे होत नाहीत, मी करून पाहिलेत.

हे असंच चाललं असतं. पण एका पावसाळ्यात गल्लीतल्या एका सासूनं आपली सून आमच्यासोबत दिली. लग्नाला काही वर्षं होऊन मूल नव्हतं. पोरगी लाजरी, वाटेत एक शब्द बोलली नाही. दरेकसाला उतरलो, चढाच्या वाटेला लागलो, आणि अर्ध्यात ती झाडाला धरून उभी राहिली नि तिथंच कोसळली. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले. डोळे उघडल्यावर शकूनं तिच्या ओठांना बाटली लावली तर तिनं तोंड फिरवलं. सासूबाईंनी सांगितलंय, म्हणाली, पाण्याच्या मायचं दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आदल्या दिवसापासून ती कोरडी होती. शकूचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तसा कधी पाहिला नव्हता. तिनं त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, बळजबरीनं घोट घोट पाणी पाजलं आणि म्हणाली, "पी माय, पी. तिथं कोनी नाई. माह्या मनची देवी हाय ते." पोरगी घाबरून आमच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी आम्ही धबधब्यापर्यंत गेलोच नाही.

आणि घरी आल्यावर शकूनं जे केलं ते करायला छाती लागते. माय अंगणात बसली होती, शेजारच्या चार बाया मोहाच्या बिया फोडत होत्या. शकू उभ्या उभ्याच म्हणाली, "माय, तिथं देवी नाई. मी खोटं बोलली. नारळ आमीच खाल्ले. आमी फिराले जातो, पानी पाहाले जातो, आन पुढंबी जाऊ." मी मागं उभी, मला वाटलं जमीन फाटावी. एकीच्या हातातला दगड तसाच हवेत राहिला. मोठे भाऊजी आतून आले. "फिराले? घरच्या बाया फिराले जाते का?" शकू म्हणाली, "जाते. मी जातो ना." नंतर मी तिला म्हटलं, अवं, जरा बेतानं सांगायचं, गल्ली तोडून टाकली तू. ती माझ्यावरच उसळली. "त्या पोरीले काई झालं असतं तं कोनाले सांगतलं असतं, मंदा? देवीले?"

गल्ली खरंच तुटली. नारळ बंद, त्याबरोबर बायाही बंद. ज्या घरांतून डबे बांधून यायचे तिथून आता दारंसुद्धा पुरी उघडेनात. मायनं तिच्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत, महिनोन् महिने. एकाच चुलीवरचं खायचं आणि शब्द नाही, ही शिक्षा काय असते ते सासुरवाशिणीलाच ठाऊक. धनराज भाऊजी मधल्या मधे. ते तिला अडवत नसत, तिची बाजूही घेत नसत. रविवारी सकाळी शकू चहा करायची, सगळ्यांचा स्वयंपाक झाकून ठेवायची, बूट घालायची आणि दारातून मोठ्यानं सांगायची, "फिराले जाऊन राहिली!" कोणी ऐको न ऐको. कित्येक रविवार स्टेशनावर आम्ही दोघीच असायचो. मी एकदा कंटाळून म्हटलं, शकू, दोघींसाठी कायले एवढा तमाशा, एखादा नारळ घे ना परत हातात, सगळं सुरळीत होईल. ती म्हणाली, "पोट्टे जाते, मानसं जाते, त्याईले कोनी नारळ मांगते का? मी नाई घेत." आणि नाहीच घेतला. हळूहळू रेखा परत आली, शबाना आली, आणखी एक-दोघी लपून छपून. ती बेशुद्ध पडलेली पोरगीसुद्धा एका रविवारी आली, आपल्या नवऱ्याला सांगून. शकूला त्या दिवशी काय आनंद झाला होता! गाडीत सगळ्यांना फुटाणे वाटले तिनं.

आणि मग हा फोन... तेरवीला मी गेले. जेवणं झाली, मंडपात माणसं बसली, आणि मोठे भाऊजी उभे राहिले. म्हणाले, शकूबाईचा जीव त्या पाण्यात होता, तिच्या नावानं आपण दरेकसाच्या वाटेवर एक ओटा बांधू, तिचा फोटो ठेवू, पाण्याच्या मायची स्थापना करू. वर्षातून एकदा घरच्या बायांनी जाऊन पूजा करावी. लोकांनी माना हलवल्या. खरं सांगते, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण माझं डोकं सणकलं. सगळ्यात जास्त सणकलं ते बायांच्या चेहऱ्यांकडं पाहून, कारण त्या खुलल्या होत्या. रेखा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मंदाबाई, होऊ द्या ना. तेवढ्या बहान्यानं जाता तं येईल." खरं होतं तिचं. ओटा झाला की सगळी दारं पुन्हा उघडणार होती, आणि शकूनं जे एवढे महिने एकटीनं ओढलं ते सगळं त्या ओट्याखाली जाणार होतं. मी उठले. म्हटलं, "भाऊजी, ती देवी नव्हती मानत. देवी नाई म्हणून सांगतल्यापायी तिनं तुमच्या घरात महिनोन् महिने मुकी राहून काढले. आता ती बोलू शकत नाई तं तुमी तिलेच देवी करून राहिले." मोठे भाऊजी म्हणाले, "तुमी तिच्या कोन लागत होत्या?" मी म्हटलं, कोणी नाही. आणि चपला घालून निघाले. त्यांची बायको, म्हणजे शकूची जाऊ, जिला घरात सगळे 'मोठी' म्हणतात, स्वयंपाकघराच्या दारात परात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

त्यानंतरचा रविवार. शकूशिवाय फिरायला जायचा पहिला. मला वाटलं होतं उठवणारच नाही, पण मी उठले, कणीक मळली, गाकर-भरीत करून डबा घेतला आणि स्टेशनावर गेले. एकटी गेले असते, ठरवलंच होतं. जिवंत माणसाचा शब्द मोडला तर ते निदान भांडायला तरी येतं, मेलेल्याचा मोडला तर कोणापुढं जायचं? रेखा आली, तेरवीच्या दिवसाचं मनात ठेवून जरा दूर बसली. शबाना आली, "दीदी, मैं तो आने ही वाली थी" म्हणाली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि धनराज भाऊजींचा हात धरून माय फलाटावर आली. पांढरे केस विंचरलेले, जुनं लुगडं, हातात काही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, आता सगळ्यांसमोर माझा उद्धार होणार.

"मंदे, तिथं खरंच कोनी नाई?"

"नाई माय."

"पानी हाय ना पन?"

"पानी हाय. पाऊस चांगला पडला यंदा."

"मंग ने मले," ती म्हणाली. "माह्या जिवंतपनी तं मी तिच्याशी बोलली नाई. ते काय पाहाले जात होती ते पाहू दे मले." तिला म्हणायचं होतं शकूच्या जिवंतपणी. पण मी चूक काढायच्या अवस्थेत नव्हते. भाऊजींनी तिला डब्यात चढवलं आणि खाली उभे राहिले. गाडी हलायला लागली तेव्हा शबाना ओरडली, "भैया, आप भी चढो ना!" आणि ते चढले. नवऱ्यामाणसाला बायकोच्या वाटेवर जायला इतका उशीर लागतो, हे मला तेव्हा त्यांच्या तोंडावर बोलावंसं वाटलं. त्यांचा चेहरा पाहून नाही बोलले.

दरेकसाहून जमेल तिथपर्यंत ऑटो केला, पुढं मायला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. ती दर थोड्या अंतरावर थांबायची, पण बसायची नाही. उभ्यानंच दम घ्यायची. गर्दी होती, गाणी वाजत होती, पोरं ओरडत होती. धबधब्यासमोर आल्यावर मला भीती वाटली की ती आता हात जोडणार आणि मग सगळं संपलं. तिनं हात जोडले नाहीत. कितीतरी वेळ नुसती वर पाहत राहिली. पाण्याचे तुषार तिच्या सुरकुत्यांवरून ओघळत होते, ते ती पुसत नव्हती. मग धनराज भाऊजींना म्हणाली, "मोठ्याले सांगजो, इथं ओटा-गिटा बांधू नोको म्हणा. बायाईले बसाले जागा राहू दे." एका खडकावर आम्ही तिला टेकवलं. तिनं स्वतःच्या हातानं चपला काढल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. गार लागलं असावं, ती दचकली आणि हसली. रेखा डबा उघडत होती. माय तिच्याकडं न पाहताच म्हणाली, "एवढंच दूर होतं काय वं?"

मला रडू फुटलं, तेरवीला आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं, लोक वळून पाहत होते तर पाहू दे म्हटलं. धनराज भाऊजी पाठमोरे उभे होते. मायनं माझा हात ओढून मला शेजारी बसवलं, गाकराचा तुकडा मोडला, भरीत लावलं, माझ्या हातात दिला आणि स्वतःही खाऊ लागली. खाता खाता म्हणाली, "पुढच्या आयतवारी मोठीलेबी आणजो. काऊन म्हणून इचारलं कोनी, तं माह्यं नाव सांगजो. फिराले नेलं म्हणा."